कॉलम दर दोन पावसाळ्यांनी पुन्हा का फुटतो? गिलावा सोडा, आतली रिंग बघा

तक्रार सगळीकडे सारखीच असते. तळमजल्यावरच्या पार्किंगमधल्या कॉलमच्या कोपऱ्यावर उभी भेग जाते. सुरुवातीला ती केसाएवढी असते, रंगाखाली दिसतही नाही. पुढच्या पावसाळ्यात तिच्यात नख जाईल एवढी फट पडते, तांबूस ओघळ दिसायला लागतो आणि एके दिवशी हातभर लांबीचा पोपडा खाली उभ्या गाडीवर पडतो. सोसायटी गवंड्याला बोलावते. तो सुटलेलं झाडतो, कोंबडीजाळी ठोकतो, सिमेंट-वाळूचा गिलावा करतो आणि वर रंग मारला जातो. दोन पावसाळे निघतात. मग भेग परत येते, आणि बहुतेक वेळा जुन्या ठिगळाच्या अगदी कडेला येते.

कोल्हापुरात हे पुराच्या पट्ट्यात जास्त दिसतं. शाहूपुरीची कुंभार गल्ली, दुधाळी, सुतारवाडा, रमणमळा, नागाळा पार्कचा सखल भाग, व्हीनस कॉर्नरचा परिसर. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांत इथल्या इमारतींचे तळमजले पाण्यात होते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पाणी ओसरल्यावर आपण घर धुतो, मोटर वाळवतो, फर्निचर उन्हात टाकतो. कॉलमकडे मात्र भेग दिसेपर्यंत कुणी बघत नाही.

मला या लेखात एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. भेग दिसते तेव्हा कॉलममधली जाड सळई बऱ्याचदा अजून शाबूत असते, पण तिच्याभोवतीची रिंग, म्हणजे उभ्या सळयांना ठराविक अंतरावर आडवी आवळणारी बारीक सळई, निकामी झालेली असते. रोजचा भार कॉलम कसाबसा पेलत राहतो. भूकंपात किंवा पाया खचल्यावर वाकूनही न कोसळण्याचा गुण, ज्याला आम्ही साइटवर डक्टिलिटी म्हणतो, तो आधीच गेलेला असतो. म्हणून दुरुस्ती करताना कॉलम जाड करण्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, रिंगांकडे लक्ष द्यायला हवं.

आधी भेग कशी आहे ते बघा

कॉलमच्या कोपऱ्याला समांतर उभी भेग, तांबूस डाग, हातोडीने हलकं ठोकलं की बद्द आवाज: हा गंज. या लेखाचा मुख्य विषय हाच.

नुसत्या गिलाव्यावर जाळीसारख्या बारीक भेगा असतील, ठोकल्यावर आवाज खणखणीत येत असेल आणि डाग नसेल, तर बहुतेक गिलावाच आकसलेला असतो. एका जागी गिलावा काढून आतलं काँक्रिट सरळ आहे याची खात्री करा आणि निश्चिंत व्हा.

तिरकी भेग, किंवा दोन तिरक्या भेगा एकमेकींना छेदणाऱ्या, हा वेगळा आजार आहे. कॉलमला लागून अर्धी भिंत बांधलेली असते, वर खिडकी किंवा जाळी असते, त्यामुळे कॉलमचा मोकळा भाग एकदम आखूड होतो. जिन्याच्या मधल्या लँडिंगचा बीम कॉलमच्या पोटात येतो तिथेही हेच होतं. आखूड भाग ताठ असतो, ताठ भाग जास्त जोर ओढून घेतो आणि कातरला जातो. इथे गंज नसला तरी प्रश्न रिंगांचाच आहे, कारण कातर घेण्याचं कामही रिंगाच करतात.

बीमच्या खाली तीन-चार इंचांवर आडवी भेग दिसली तर कॉलम भरताना तिथे सोडलेली फट आठवा. आपल्याकडे कॉलम बीमच्या थोडा खालीपर्यंत भरून ठेवतात आणि उरलेला तुकडा स्लॅबच्या दिवशी भरतात. आत लाकडाचा भुसा, माती, कधी सिमेंटच्या पिशवीचा कागद राहून जातो.

आणि एक प्रकार असा आहे, जिथे पुढचं वाचत बसू नका. कॉलमच्या मधल्या किंवा खालच्या भागात काँक्रिटचा चुरा होतोय, दोन रिंगांमधली सळई बाहेरच्या बाजूला फुगलीय, भेग दिवसागणिक वाढतेय किंवा वरच्या मजल्यावर अचानक दारं अडकायला लागलीत, तर आसपासच्या बीमखाली ताबडतोब टेकू लावा, माणसं बाहेर काढा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला त्याच दिवशी बोलवा. अशा कॉलमला छिन्नी लावायची नाही. सैल पोपडासुद्धा टेकू लागल्याशिवाय काढायचा नाही.

रिंग आधी का जाते

चांगलं काँक्रिट अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच १२ च्या वर असतो. त्या वातावरणात सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर टिकून राहतो आणि ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रिटमध्ये हळूहळू शिरतो आणि हा पीएच ९ च्या आसपास किंवा खाली आणतो. याला कार्बोनेशन म्हणतात. ते सळईपर्यंत पोचलं, जोडीला ओल आणि हवा मिळाली, की गंज सुरू. गंजलेल्या लोखंडाचं आकारमान मूळच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत होतं. आतून आलेला तो दाब कव्हर, म्हणजे लोखंडावरचा काँक्रिटचा थर, उडवून देतो. गिलाव्याची जाळी हा दाब रोखूच शकत नाही.

कार्बोनेशन वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात आत जातं. म्हणजे कव्हर दुप्पट असेल तर गंज सुरू व्हायला चौपट वेळ लागतो. आता जुन्या कामात काय होतं ते बघा. कव्हर ब्लॉक, तोही असलाच तर, २५ मिमीचा आणि तो मुख्य सळईला टेकवलेला. रिंग तिच्या बाहेरून जाते, ८ मिमी जाडीची. म्हणजे रिंगवर कव्हर उरलं १७ मिमी. १७ चा वर्ग २८९, २५ चा वर्ग ६२५. मुख्य सळईपर्यंत पोचायला ३० वर्षं लागणार असतील तर रिंगपर्यंत साधारण १४ वर्षांतच पोचलेलं असतं. आयएस ४५६ या काँक्रिटच्या भारतीय मानकात कॉलमसाठी ४० मिमी नाममात्र कव्हर सांगितलंय. ते सगळ्यात बाहेरच्या लोखंडावर, म्हणजे रिंगवर मोजायचं असतं.

दुसरा हिशोब जाडीचा. १६ मिमी सळईचा व्यास गंजून १३ मिमी झाला तर तिचं क्षेत्रफळ सुमारे ३४ टक्के घटतं. तेवढाच ३ मिमी गंज ८ मिमीच्या रिंगला लागला तर ती ५ मिमीची उरते आणि ६१ टक्के क्षेत्रफळ जातं. जुन्या इमारतींत ६ मिमीच्या रिंगा सर्रास आहेत. त्यांचं काय होत असेल याचा अंदाज तुम्हीच करा. कोपऱ्यावर, जिथे रिंग वळवलेली असते, तिथे गंज दोन्ही बाजूंनी येतो आणि रिंग तिथेच तुटते. बाहेरून सळई झाकलेली, रिंगचे सरळ भाग जागेवर, पण चारही कोपरे सुटलेले. अशी रिंग काहीही धरून ठेवत नाही.

रिंग काय धरते? रिकाम्या जमिनीवर टाकलेल्या वाळूच्या ढिगावर उभं राहिलं तर पाय रुततो, तीच वाळू पोत्यात गच्च भरून शिवली की त्या थप्पीवर माणूस आरामात उभा राहतो. दाबलं की काँक्रिट बाजूला फुगू बघतं, रिंग त्याला आवळून धरते. साध्या काँक्रिटसाठी आयएस ४५६ अंतिम ताणमान, म्हणजे चिरडण्याआधी मूळ लांबीच्या किती हिस्सा ते दबतं ते, ०.००३५ धरतं. दाट रिंगांनी आवळलेलं काँक्रिट त्याच्या कितीतरी पट दबूनही भार सोडत नाही. ताकदही वाढते. १९२८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात रिचर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं होतं की बाजूने दिलेल्या दाबाच्या सुमारे ४.१ पट जास्तीची ताकद काँक्रिटला मिळते. आजची कन्फाइन्मेंटची, म्हणजे काँक्रिट आवळून धरण्याची, सगळी गणितं त्याच मुळावर वाढली आहेत.

रिंगचं आणखी एक काम आहे, सळईला वाकू न देणं. मधली एक रिंग तुटली की सळईचा आधाराविना भाग दुप्पट होतो आणि वाकण्याविरुद्धची ताकद, ऑयलरच्या सूत्राप्रमाणे, एक चतुर्थांशावर येते. म्हणून भूकंपानंतरच्या फोटोंत कॉलमच्या डोक्याशी किंवा पायथ्याशी सळया फुगलेल्या दिसतात. तिथे रिंगा विरळ होत्या, किंवा त्यांचे हूक, म्हणजे रिंगची वळवलेली टोकं, ९० अंशांत वळवलेले होते आणि कव्हर उडताच उघडले.

ठिगळाच्या कडेलाच भेग परत का येते

तीन कारणं असतात आणि बहुतेक वेळा तिन्ही एकत्र असतात.

पहिलं, गवंडी सळईचा समोर दिसणारा भागच साफ करतो. मागच्या बाजूला गंज आणि कार्बोनेशन झालेलं काँक्रिट तसंच राहतं. एका ठिकाणी मी विचारलं, "मामा, रिंगच्या मागं छिन्नी घातली का?" उत्तर आलं, "रिंग आत हाय की साहेब, हलत न्हाई." न हलणं म्हणजे शाबूत असणं नव्हे. सळईच्या मागे निदान २० ते २५ मिमी मोकळं होईपर्यंत, बोट फिरेल एवढं, काँक्रिट काढल्याशिवाय दुरुस्ती सुरूच होत नाही.

दुसरं कारण विजेचं आहे. गंजणं ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे. सळईचा एक भाग गंजतो आणि तो गंजत असतो म्हणून शेजारचा भाग वाचलेला असतो. आपण गंजलेल्या जागी ताजं, अल्कधर्मी मटेरियल भरलं की तो भाग सुरक्षित होतो आणि गंजायची पाळी शेजारच्यावर येते. तिथे जुनंच काँक्रिट असतं, क्षारांनी भरलेलं. म्हणून नवी भेग ठिगळाच्या कडेला उठते. जिथे क्लोराइड आहे तिथे हे हमखास होतं. तुकड्या-तुकड्यांनी दुरुस्ती करण्याचा खर्च शेवटी जास्त पडतो तो यामुळेच.

क्लोराइड कोल्हापुरात कुठून आलं, समुद्र तर घाटाखाली आहे, असं लोक विचारतात. खताच्या गोदामांतून आलं. म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. मार्केट यार्डाच्या बाजूच्या एका गोदामात पोटॅशची पोती थेट कॉलमला टेकवून रचायची पद्धत होती. तिथल्या कॉलमचा गिलावा जमिनीपासून छातीएवढ्या उंचीपर्यंत, म्हणजे थप्पीच्या उंचीपर्यंतच, सुटला होता. वरचा भाग कोरा करकरीत. आतली रिंग अंगठ्याने दाबली तर पापुद्रे हातात आले, आणि जाड सळईवर खोल खड्डे पडले होते. क्लोराइडचा गंज असा खड्ड्याखड्ड्यांनी खातो, त्यामुळे बाहेर भेग दिसायच्या आत लोखंड बरंच गेलेलं असतं. तळमजल्यावर खत, मीठ किंवा ब्लीचिंग पावडर ठेवणारं दुकान असेल तर आधी पोती कॉलमपासून हातभर लांब करायला लावा. त्याला पैसे लागत नाहीत.

तिसरं कारण सगळ्यात साधं आणि सगळ्यात दुर्लक्षित. दुरुस्ती फरशीपाशी थांबते. गिलावा फोडत खाली येतात, फरशी लागली की थांबतात, कारण फरशी फोडायची कुणाची तयारी नसते. कॉलमला सगळ्यात जास्त त्रास फरशीच्या वर-खाली फूटभर असतो, जिथे भरावातली ओल चढते, सुकते, परत चढते. पुराच्या पट्ट्यातल्या काळ्या मातीत ही ओल उन्हाळ्यातही हटत नाही. एखाद्या कॉलमभोवती फरशी उचलून फुटिंगपर्यंत, म्हणजे कॉलमच्या पायापर्यंत, खणून बघा. वर ठणठणीत वाटणारा कॉलम खाली खरवडलेला सापडतो.

तपासणी: काय मागावं

हॅमर टेस्टच्या, म्हणजे काँक्रिटवर हॅमर आपटून ताकदीचा अंदाज घेणाऱ्या चाचणीच्या, एकट्या आकड्यांवर विसंबू नका. कार्बोनेशन झालेलं काँक्रिट वरून कडक होतं आणि हॅमर खरी असेल त्यापेक्षा जास्त ताकद दाखवतो. जुन्या इमारतीत नेमका तोच धोका आहे. काही कॉलममधून कोअर, म्हणजे काँक्रिटचा नळकांडी नमुना, काढून त्याची ताकद बघायला हवी. ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडा: गुलाबी झालं तर काँक्रिट अजून जिवंत, रंग आलाच नाही तर कार्बोनेशन तिथपर्यंत पोचलंय. ही टेस्ट स्वस्त आहे आणि सोसायटीच्या सभासदांना डोळ्यांनी दिसते, त्यामुळे सभेतले अर्धे वाद तिथेच मिटतात. कव्हर मीटरने रिंगांमधलं अंतर मोजून घ्या. निदान दोन-तीन कॉलम डोक्याशी आणि पायथ्याशी उघडून रिंगचा हूक प्रत्यक्ष बघा. क्लोराइडची शंका असेल तर काँक्रिटची भुकटी लॅबला द्या.

इमारत ३० वर्षांची झाली असेल तर महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेणं मालकावर बंधनकारक आहे. ते करायचंच आहे तर नीट करून घ्या. फक्त सही-शिक्क्यासाठी नको.

जॅकेट कसं करायचं

गंज वरवरचा असेल, रिंगा ८० टक्क्यांच्या वर शाबूत असतील आणि मूळ कॉलम हिशोबात बसत असेल, तर पॉलिमर मॉर्टरची नीट केलेली दुरुस्ती पुरते. रिंगा गेल्या असतील तर काँक्रिटचं जॅकेट, म्हणजे जुन्या कॉलमभोवती नव्या सळया-रिंगांसह भरलेला काँक्रिटचा थर, हा आपल्याकडचा सगळ्यात भरवशाचा उपाय. त्यासाठी आयएस १५९८८ हे २०१३ चं मानक हातात ठेवा. त्यातल्या किमान गोष्टी अशा: जॅकेटची जाडी १०० मिमीपेक्षा कमी नको. नव्या काँक्रिटची ताकद जुन्यापेक्षा निदान ५ एमपीए (ताकदीचं एकक) जास्त हवी. हिशोबाने जादा सळई लागत नसली तरी चार कोपऱ्यांत १२ मिमीच्या सळया आणि ८ मिमीच्या रिंगा १०० मिमीवर, हूक १३५ अंशांत. दोन्ही टोकांना, मोकळ्या उंचीच्या एक चतुर्थांश भागात, रिंगांमधलं अंतर १०० मिमीपेक्षा जास्त अजिबात नको.

एक उदाहरण घेऊ. आपल्याकडचा नेहमीचा ९ इंची कॉलम, २३० बाय ४५०, एम२० प्रतीचं काँक्रिट, एफई ४१५ प्रतीच्या १६ मिमीच्या ६ सळया. आयएस ४५६ च्या सूत्राने त्याची सरळ भाराची क्षमता सुमारे ११५० किलोन्यूटन येते, त्यात लोखंडाचा वाटा साधारण ३३५. सळया गंजून १३ मिमीच्या झाल्या तर लोखंडाचे साधारण ११४ किलोन्यूटन जातात, म्हणजे एकूण क्षमतेचा दहावा हिस्सा. कव्हर उडाल्याचं नुकसान धरलं तरी कॉलम उभा राहतो, आणि म्हणूनच सगळे म्हणतात, "काय होत नाही, इतकी वर्षं उभा आहेच की." उभा आहे हे खरं. पण त्याच कॉलमच्या रिंगा २०० मिमीवर असतात, त्यातही तुटलेल्या. हाच कॉलम १०० मिमी जॅकेट केल्यावर ४३० बाय ६५० चा होतो, क्षेत्रफळ पावणेतीनपट. ताकद वाढते यात शंका नाही. डक्टिलिटी वाढेल की नाही हे मात्र पुढच्या बारकाव्यांवर ठरतं, आणि साइटवर नेमके हेच बारकावे गळतात.

टेकू आधी. कॉलमला मिळणाऱ्या सगळ्या बीमखाली टेकू, त्यांच्या बुडाशी जाड फळ्या किंवा स्लीपर, कारण पुराच्या भागातली फरशी भरावावर बसलेली असते आणि खचते. जॅकने थोडा भार उचलून घेता आला तर उत्तम, कारण तसं न करता भरलेलं जॅकेट जुना भार घेतच नाही, फक्त नंतर येणारा भार घेतं. एका वेळी एकच कॉलम. शेजारचे दोन एकदम कधीही उघडू नका.

जुना गिलावा पूर्ण काढा, सैल काँक्रिट काढा आणि सगळ्या पृष्ठभागावर दाट टाचे मारा. गुळगुळीत कॉलमभोवती भरलेलं जॅकेट नुसतं शेजारी उभं राहतं, एकत्र काम करत नाही. सळया तारेच्या ब्रशने किंवा सँड ब्लास्टिंगने लखलखीत करा. रस्ट रिमूव्हर फासून वर मॉर्टर थापणं म्हणजे साफ करणं नव्हे.

नव्या उभ्या सळया फुटिंगमध्ये पुरेशा खोल भोकं पाडून, भोकातली धूळ ब्लोअरने काढून, अँकरिंगच्या केमिकलने बसवा. वर स्लॅबला भोकं पाडून त्या पुढच्या मजल्यात न्या. सळया स्लॅबच्या खालीच थांबवल्या तर सरळ भार आणि आवळणं मिळतं, पण कॉलमच्या टोकाशी वाकण्याची जादा ताकद मिळत नाही. भूकंपात जोर टोकांवरच येतो. बीम आडवे येत असतील तर सळया चार कोपऱ्यांत एकत्र करून न्याव्या लागतात.

रिंग बंद करून वरून घालता येत नाही, कॉलम मध्ये उभा आहे. म्हणून दोन यू किंवा दोन एल तुकड्यांत करावी लागते. प्रत्येक टोकाचा हूक १३५ अंशांत आत, जॅकेटच्या काँक्रिटमध्ये वळलेला हवा, शेपूट, म्हणजे वळणापुढचा सरळ तुकडा, व्यासाच्या १० पट. ८ मिमीच्या रिंगला ८० मिमी. फिटर ९० अंशांत वळवून पुढे जायला बघतो, कारण तंग जागेत १३५ वळवायला वेळ लागतो. शटर लावायच्या आधी तुम्ही स्वतः उभे राहून प्रत्येक हूक बघा. मी बिलाचा टप्पा याच पाहणीला जोडायला सांगतो. लांबट कॉलमला, जसा आपला ६५० चा, मधल्या सळयांना बाहेरच्या रिंगचा आधार पुरत नाही. तिथे जुन्या कॉलममधून आरपार भोक पाडून क्रॉस टाय, म्हणजे आडवी बांधणारी सळई, द्यावा लागतो.

काँक्रिट भरायला १०० मिमीची जागा, त्यातच सळया. २० मिमी खडी तिथे अडकते आणि मधमाशांच्या पोळ्यासारखी पोकळी राहते. १० मिमी खडीचं वाहतं काँक्रिट किंवा मायक्रोकाँक्रिट वापरा, दीड मीटरच्या आतल्या टप्प्यांनी भरा, शटरवर बाहेरून हलकं ठोकत राहा. गोणीवर लिहिलं असेल तेवढंच पाणी, मोजून. जुना पृष्ठभाग आदल्या दिवसापासून भिजवून, पण भरताना वर पाणी तरळत नसेल असा. बीमखाली उरलेली फट न आकसणाऱ्या ग्राउटने दाबून भरा. शटर निघालं की गोणपाट गुंडाळून, सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं) असेल तर निदान १० दिवस ओलं ठेवा. पार्किंग लवकर मोकळं करायच्या घाईत क्युरिंग बुडतं आणि आकसण्याच्या भेगा पडतात. मग लोक म्हणतात, जॅकेट करूनही फुटला.

पुराच्या भागात हे काम दिवाळीनंतर काढा आणि मे संपायच्या आत संपवा. पाण्याची पातळी खाली असताना फुटिंग उघडता येतं. पावसाळ्याच्या तोंडावर खणलं तर खड्डा पाण्याने भरतो आणि शेवटी फरशीपाशीच थांबायची पाळी येते.

गाडी बसत नाही, शटर अडतं

ही अडचण खरी आहे. चारही बाजूंनी १०० मिमी वाढवलं की पार्किंगची एक जागा जाते, दुकानाचं शटर अडतं, शेजारच्याची हद्द लागते. तीन बाजूंनी जॅकेट करता येतं, पण मग रिंग चौथ्या बाजूला जुन्या कॉलममध्ये भोकं पाडून अडकवावी लागते. नुसती तीन बाजूंना टेकवलेली रिंग आवळत नाही.

कार्बन फायबरचं रॅपिंग पातळ असतं आणि गोल कॉलमला फार छान काम करतं. चौकोनीला कमी, लांबट चौकोनीला आणखी कमी, आणि कोपरे निदान २० ते २५ मिमी त्रिज्येने गोल केल्याशिवाय पट्टी कोपऱ्यावर तुटते. आत गंज चालू ठेवून वर रॅपिंग केलं तर पैसे वाया. आधी गंज, मग रॅपिंग. लोखंडी अँगल आणि पट्ट्यांचा पिंजरा लवकर होतो आणि आवळतोही चांगला, पण अँगल आणि कॉलममधली फट ग्राउटने भरलेली हवी. पुराच्या भागात तो पिंजरा काँक्रिटमध्ये झाकल्याशिवाय मी सुचवत नाही.

एकच कॉलम जाड करू नका

पुढच्या कोपऱ्यातला एकच कॉलम फुटला म्हणून त्यालाच जॅकेट केलं, तर तो इतरांपेक्षा ताठ होतो आणि भूकंपात जास्त जोर ओढतो. इमारत त्याच्याभोवती पिळली जाऊ शकते. खाली मोकळं पार्किंग आणि वर भिंतींचे मजले अशी रचना असेल, तर तळमजल्यावर आधीच कमकुवत थर आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात अहमदाबादेत अशाच कितीतरी इमारती तळमजल्यावर बसल्या. आयएस १८९३ या भूकंपविषयक मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत कोल्हापूर झोन तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे. ११ डिसेंबर १९६७ ला भूकंप झाला ते कोयनानगर इथून सरळ रेषेत सुमारे ९० किलोमीटरवर आहे. त्यामुळे कुठले कॉलम, किती आणि कुठल्या क्रमाने, हे पूर्ण इमारतीचा हिशोब करून ठरवायला हवं. कधी सगळ्या कॉलमना जॅकेट देण्यापेक्षा दोन जागी काँक्रिटच्या भिंती घालून उरलेल्या कॉलमच्या फक्त रिंगा सुधारणं स्वस्त आणि चांगलं ठरतं.

नवीन बांधत असाल तर

आयएस १३९२० या भूकंपरोधक बांधकामाच्या मानकाप्रमाणे कॉलमची लहान बाजू निदान ३०० मिमी हवी. ९ इंचाच्या भिंतीत कॉलम लपवायचा हट्ट तिथेच सोडा. ३०० बाय ४५० च्या कॉलमला, सळया १६ मिमीच्या असतील आणि मोकळी उंची ३ मीटर असेल, तर वर-खाली ५०० मिमी लांबीत रिंगा ७५ मिमीवर येतात, आणि फुटिंगमध्येही त्या ३०० मिमी आत जायला हव्यात. सळयांचे जोड मजल्याच्या मधल्या निम्म्या उंचीत, स्लॅबच्या लगेच वर नकोत. बीम-कॉलमच्या जोडात फिटर रिंगा गाळतो, कारण बीमच्या सळया घातल्यावर तिथे हात जात नाही. त्या आधीच घालून ठेवायला सांगा आणि स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी टॉर्च घेऊन प्रत्येक जोडात डोकावून बघा. काही चुकलं असेल तर रात्रीत नीट करता येतं, काँक्रिट पडल्यावर नाही. कव्हर ब्लॉक ४० मिमीचे, आणि ते रिंगला बांधलेले.